गाळणी कोणाच्या हातात? ग्रंथालयातील इंटरनेट, अश्लीलता आणि बौद्धिक स्वातंत्र्य

प्रास्ताविक

ग्रंथालयात संगणक आला आणि त्याला इंटरनेटची जोडणी मिळाली, तेव्हापासून ग्रंथपालापुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला आहे. कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणते घ्यायचे नाही, हे पूर्वी ग्रंथपाल आणि ग्रंथालय समिती ठरवत असे. इंटरनेट मात्र एकेक पुस्तक निवडून येत नाही. ते सगळेच्या सगळे एकदम येते. त्यात ज्ञानकोश असतो, वर्तमानपत्र असते, वैद्यकीय माहिती असते आणि उघडउघड अश्लील चित्रेही असतात. शेवटच्या प्रकाराला आवर घालण्यासाठी गाळणी सॉफ्टवेअर, म्हणजे फिल्टर, बसवले जाते. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत ते बसवताना फारशी चर्चा होत नाही. संगणक विभाग ते बसवतो, प्राचार्य मान्यता देतात आणि विषय संपतो.

हा विषय इतक्या लवकर संपवण्यासारखा नाही, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ सालच्या एका निकालपत्राचे चिकित्सक वाचन येथे केले आहे. ग्रंथालय, अश्लीलता आणि वाचकाचे स्वातंत्र्य या तिन्हींचा एकत्र विचार करणारे इतके सविस्तर निकालपत्र विरळाच. त्यातील बहुमत आणि विरोधी मत या दोन्हींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रंथपालांची जी संघटना हा खटला लढली, तिच्या भूमिकेतही एक उणीव होती. तिचाही विचार पुढे केला आहे.

कायदा आणि खटला

२१ डिसेंबर २००० रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने ‘चिल्ड्रेन्स इंटरनेट प्रोटेक्शन अ‍ॅक्ट’ हा कायदा झाला. या कायद्याने कोणत्याही ग्रंथालयाला फिल्टर बसवण्याची थेट सक्ती केली नाही. त्याने पैशाला अट घातली. इंटरनेटच्या खर्चात सवलत देणारी ‘ई-रेट’ योजना किंवा संगणकीकरणासाठी मिळणारे केंद्रीय अनुदान हवे असेल, तर प्रत्येक संगणकावर अश्लील चित्रे आणि बालकांचे लैंगिक शोषण दाखवणारी चित्रे अडवणारी तांत्रिक व्यवस्था हवी. सतरा वर्षांखालील वाचकांसाठी त्यांना हानिकारक ठरणारी चित्रेही अडवली गेली पाहिजेत. प्रौढ वाचकाला खऱ्या संशोधनासाठी किंवा अन्य कायदेशीर कारणासाठी ही व्यवस्था बंद करून देण्याची मुभा ग्रंथालयाला होती.

अट पैशाची असल्यामुळे तिचा भार सर्वांवर सारखा पडणार नव्हता. श्रीमंत वस्तीतील ग्रंथालय सवलत नाकारू शकत होते. गरीब वस्तीतील ग्रंथालयाला सवलत अधिक मिळत असे आणि तिच्याशिवाय त्याचे चालणेही कठीण होते. ज्या वाचकाच्या घरी संगणक नव्हता, तोच नेमका अशा ग्रंथालयात येत असे.

अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या कायद्याला आव्हान दिले. या संघटनेने १९३९ सालीच ‘लायब्ररी बिल ऑफ राइट्स’ स्वीकारले होते आणि १९६७ पासून तिचे बौद्धिक स्वातंत्र्यासाठी स्वतंत्र कार्यालय होते. पेनसिल्व्हेनियातील तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ३१ मे २००२ रोजी संघटनेच्या बाजूने निकाल दिला. बाजारात उपलब्ध असलेली फिल्टर जे अडवायचे ते पुरते अडवत नाहीत आणि जे अडवू नये अशी हजारो पाने मात्र अडवतात, असा निष्कर्ष या न्यायालयाने पुराव्याच्या आधारे काढला. कायद्याचे लक्ष्य चित्रे होती, पण त्या काळची फिल्टर मुख्यतः पानावरचे शब्द आणि संकेतस्थळांची तयार यादी यांवर चालत. शिवाय ही यादी त्या कंपनीचे व्यावसायिक गुपित असे. फिल्टर वापरणाऱ्या ग्रंथालयालाही ती पूर्ण पाहायला मिळत नसे.

२३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी हा निकाल फिरवला आणि कायदा वैध ठरवला. तो आजही लागू आहे.

बहुमताचा युक्तिवाद

मुख्य न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांच्या मताला ओकॉनर, स्कॅलिया आणि थॉमस यांनी दुजोरा दिला. केनेडी आणि ब्रेयर यांनी निकाल मान्य केला, मात्र त्यासाठी स्वतंत्र कारणे दिली. म्हणून रेनक्विस्ट यांचे मत नेमकेपणाने चार न्यायमूर्तींचे आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

त्यांच्या युक्तिवादाचे दोन खांब आहेत. पहिला खांब निवडीचा. ग्रंथालयाचे कामच निवड करणे हे आहे. बहुतेक ग्रंथालये छापील अश्लील साहित्य विकत घेत नाहीत आणि त्याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही. मग तेच साहित्य पडद्यावर येऊ दिले नाही, तर वेगळे काय घडले? दुसरा खांब विनंतीचा. फिल्टरने चुकून चांगले पान अडवले, तर वाचकाने ग्रंथपालाला सांगावे. तो ते उघडून देईल. असे सांगताना वाचकाला संकोच वाटेल, हे खरे. पण संकोच न होता माहिती मिळण्याची हमी राज्यघटना देत नाही. न्यायमूर्ती ब्रेयर यांनीही ग्रंथालयातील बंद कपाटांचा आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीचा दाखला देऊन म्हटले की, मागून घेण्याचा हा त्रास वाचकाला नवा नाही.

पहिल्या वाचनात हा युक्तिवाद पटतो. आपल्यापैकी कोणीही ग्रंथालयाच्या पैशातून अश्लील मासिके घेण्याची शिफारस करणार नाही. तरीही या दोन्ही खांबांत दोष आहेत.

निवड आणि गाळणी यांतील भेद

ग्रंथालयात पुस्तकाची निवड कशी होते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. प्राध्यापक मागणी नोंदवतात, ग्रंथपाल सूची पाहतो, समिती बसते, अंदाजपत्रक आडवे येते आणि शेवटी काही पुस्तके घेतली जातात. न घेतलेल्या पुस्तकाबद्दल समितीला विचारता येते. ‘पैसे नव्हते’, ‘विषय अभ्यासक्रमात नाही’, ‘पुस्तक सुमार आहे’ असे काही तरी उत्तर मिळते. उत्तर पटले नाही, तर पुढच्या वर्षी मागणी पुन्हा करता येते. निवड करणारा माणूस समोर असतो आणि त्याने ते पुस्तक, निदान त्याचा परिचय तरी, पाहिलेला असतो.

फिल्टरच्या बाबतीत यांपैकी काहीही घडत नाही. दूरच्या शहरातील खाजगी कंपनी पानांची वर्गवारी करते. ती बहुतांशी यंत्राने होते. ग्रंथपालाने अडवलेले पान पाहिलेले नसते आणि ते का अडवले गेले हेही त्याला सांगता येत नाही. याला निवड म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थ ताणणे होय. निवड न करण्याचा अधिकार ग्रंथपालाला आहे, हे मान्य. पण आपली निवड एका गुप्त यादीच्या स्वाधीन करून तीच आपली निवड आहे असे म्हणण्याचा अधिकार त्याला कसा मिळतो, याचे उत्तर रेनक्विस्ट यांच्या मतात सापडत नाही.

न्यायमूर्ती सूटर यांनी आपल्या विरोधी मतात या मर्मावर बोट ठेवले. गिन्सबर्ग त्यांच्याशी सहमत होत्या. पुस्तक विकत न घेणे वेगळे आणि विकत घेतलेल्या ज्ञानकोशातील काही पाने कापून टाकणे वेगळे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. इंटरनेटची जोडणी घेतली, की सगळी पाने ग्रंथालयात आलेलीच असतात. त्यांतील काही दिसू न देण्यासाठी उलट जादा पैसे मोजावे लागतात. जागा आणि पैसा यांची टंचाई हे पुस्तक नाकारण्याचे नेहमीचे कारण येथे लागूच पडत नाही. याच स्वरूपाचा विचार व्हर्जिनियातील लाउडन काउंटीच्या खटल्यात १९९८ साली न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी मांडला होता. न्यायक्षेत्रात येण्यापूर्वी त्यांनी ग्रंथपाल म्हणून काम केले होते, ही गोष्ट येथे नोंदवण्यासारखी आहे.

मागणाऱ्यालाच मिळेल

दुसऱ्या खांबाकडे वळू. विनंती केली की पान उघडून मिळेल, या आश्वासनावर सगळा निकाल उभा आहे. न्यायमूर्ती केनेडी यांनी तर स्पष्टच म्हटले की, प्रौढ वाचकाच्या विनंतीवरून विलंब न लावता फिल्टर बंद होणार असेल, तर या खटल्यात फारसे काही उरत नाही. मात्र कायद्याच्या शब्दांत ग्रंथालयाने फिल्टर बंद ‘करावे’ असे नाही, ‘करता येईल’ एवढेच आहे. सूटर यांनी हा फरक दाखवून दिला होता.

तो फरक नुसता शाब्दिक नव्हता. वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ सेंट्रल रीजनल लायब्ररी डिस्ट्रिक्ट या ग्रंथालयसमूहाने प्रौढ वाचकाच्या विनंतीवरूनही फिल्टर पूर्ण बंद करण्यास नकार दिला. एखादे संकेतस्थळ तपासून उघडून देण्याची तयारी तेवढी दाखवली. २०१० साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण राज्याच्या घटनेनुसार वैध ठरवले. २००३ च्या निकालाला ज्या आश्वासनाचा आधार होता, ते आश्वासन सात वर्षांत सैल झाले.

विनंती मान्य होते असे धरले तरी अडचण संपत नाही. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी एक समर्पक उपमा दिली आहे. ग्रंथालयातील बरीच पुस्तके नाव न लिहिलेल्या, कुलूपबंद खोल्यांत ठेवली आणि नेमकी मागणी केली तरच खोली उघडली, तर काही चौकस वाचक त्या पुस्तकांपर्यंत पोचतील; पुष्कळ वाचक पोचणार नाहीत. आत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर मागणार काय? ब्रेयर यांचा बंद कपाटांचा दाखला येथेच निष्प्रभ होतो. बंद कपाटातील पुस्तकाची तालिका वाचकाच्या हाती असते. अडवलेल्या पानाची तालिका कोणाच्याच हाती नसते. मुक्तद्वार पद्धतीसाठी ग्रंथालयशास्त्राने इतकी वर्षे आग्रह धरला तो याच कारणासाठी. वाचकाला आपल्याला काय हवे आहे हे नेहमी आधी माहीत नसते. ते त्याला फडताळासमोर उभे राहिल्यावर कळते.

आता संकोचाचा मुद्दा. संकोच ही किरकोळ गोष्ट आहे, असे न्यायालयाने मानले. अध्यापकाला हे मान्य होणे अवघड आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला मासिक पाळीच्या विकाराविषयी, गर्भधारणेविषयी किंवा लैंगिक संसर्गाविषयी वाचायचे आहे आणि पान अडले आहे. ती टेबलाशी जाऊन, रांगेतल्या इतरांसमोर, ते पान उघडून मागेल का? ती उठून निघून जाईल. ग्रंथालयाच्या नोंदीत मात्र कोणतीही तक्रार आलेली नसेल.

ही भीती काल्पनिक नाही. कैसर फॅमिली फाउंडेशनने केलेला आणि डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. फिल्टर सर्वांत सौम्य पातळीवर असताना आरोग्यविषयक स्थळांपैकी सरासरी १.४ टक्के अडली आणि अश्लील स्थळांपैकी ८७ टक्के अडली. सर्वांत कडक पातळीवर आरोग्यविषयक स्थळे २४ टक्के अडली आणि अश्लील स्थळे ९१ टक्के. म्हणजे कडकपणा वाढवून अश्लीलतेविरुद्ध लाभ झाला चार टक्क्यांचा आणि त्यासाठी आरोग्याची जवळजवळ चौथा हिस्सा माहिती गमावली. आज फिल्टरचे तंत्र पुढे गेले आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ‘जितके कडक तितके चांगले’ ही समजूत किती महाग पडू शकते, हे त्यांतून कळते.

फिल्टर अश्लीलतेपाशी थांबतो असेही नाही. मिसूरी राज्यातील सेलम येथील सार्वजनिक ग्रंथालयात ‘विक्का’ या अल्पसंख्य पंथाची आणि मूळ अमेरिकन लोकांच्या श्रद्धांची माहिती देणारी पाने ‘गूढविद्या’ अशा सदराखाली अडवली जात होती. त्यावरून २०१२ साली खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड होऊन ती पाने मोकळी झाली. अश्लीलतेसाठी आणलेले यंत्र आपण न मागितलेली सदरेही बरोबर घेऊन येते आणि कोणाची श्रद्धा ‘धर्म’ व कोणाची ‘गूढविद्या’ हे कंपनीचा वर्गीकरणकार ठरवतो.

ग्रंथपालांच्या भूमिकेतील उणीव

येथवर वाचून फिल्टरला विरोध करणाऱ्यांची बाजू निर्दोष आहे असे वाटेल. तसे नाही. मिनिआपोलिस येथील सार्वजनिक ग्रंथालयात काही वाचक दिवसदिवस अश्लील चित्रे पाहत बसत, ती छापून तशीच टाकून जात. तेथील बारा कर्मचाऱ्यांनी २००० साली समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली. कामाच्या जागी अपमानास्पद वातावरण सोसावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. २००१ साली आयोगाला तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले आणि २००३ साली ४,३५,००० डॉलरची भरपाई देऊन प्रकरण मिटले.

ग्रंथपालांची संघटना वाचकाच्या हक्काविषयी बोलत राहिली. रोज त्या पडद्यांसमोरून पुस्तकांची गाडी ढकलत नेणाऱ्या सेविकेचा हक्क तिच्या मांडणीत दुय्यम राहिला. सार्वजनिक दालनातील पडदा ही खाजगी खोली नव्हे. वाचकाचे वाचनस्वातंत्र्य मान्य करताना शेजारी बसलेल्या मुलाचा आणि कर्मचाऱ्याचा विचार करावाच लागतो. तो न केल्यामुळे सामान्य नागरिकाची सहानुभूती कायद्याच्या बाजूने गेली असावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

मात्र मिनिआपोलिसचा प्रश्न वर्तनाचा होता. वर्तनाला आवर घालण्यासाठी नियम, बैठकव्यवस्था आणि नियम मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचे धैर्य लागते. व्यवस्थापनाने हे धैर्य दाखवले नाही, म्हणून प्रश्न चिघळला. जे काम माणसाने करायचे ते यंत्रावर टाकले, की माणसाची जबाबदारी सुटते. फिल्टरचे खरे आकर्षण कदाचित यातच असावे.

आपल्याकडील अनुभव

अश्लीलतेच्या नावाखाली ज्ञान अडवले जाण्याचा अनुभव मराठी वाचकाला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली. कर्वे हरले आणि त्यांना दंड झाला. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘श्यामा’ या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निर्वाळा दिला.

एक लेखक हरला, एक जिंकला. दोघांनाही एक गोष्ट मिळाली होती: आरोप काय आहे हे त्यांना सांगितले गेले, आरोप करणारा समोर होता, वकील देता आला आणि निकाल कारणांसह लिहिला गेला. म्हणूनच त्यांच्याविषयी आज आपण बोलू शकतो. फिल्टरने अडवलेल्या लेखकाला यांपैकी काहीच मिळत नाही. आपले पान अडले आहे याचा त्याला पत्ताही नसतो. जुनी सेन्सॉरशिप अन्यायी असली तरी तिला तोंड होते. नव्या सेन्सॉरशिपला ते नाही.

भारतातील अलीकडचा दाखला बोलका आहे. ३१ जुलै २०१५ रोजी दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला आणि टीका होताच काही दिवसांत तो शिथिल केला. सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बंदीची अंमलबजावणी करण्यास सांगितले, तेव्हा त्याच यादीची पुन्हा तपासणी झाली आणि ३० स्थळांवर अश्लील मजकूर नसल्याचे आढळले. अखेर ८२७ स्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. तीस स्थळे वाचली, कारण यादी उघड होती आणि कोणीतरी ती पुन्हा पाहिली. महाविद्यालयाच्या फिल्टरमधील यादी अशी कोणी पाहते का?

अमेरिकेत हा वाद आता ग्रंथालयाच्या दारातून संकेतस्थळाच्या दारात गेला आहे. वयाचा पुरावा मागणारा टेक्सासचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी, पुन्हा सहा विरुद्ध तीन मतांनीच, वैध ठरवला. २००३ साली प्रौढ वाचकाला संकोच सोसण्यास सांगितले गेले; २०२५ साली त्याला ओळख पटवण्यास सांगितले गेले. मुलांचे संरक्षण हा दोन्हींमागील हेतू योग्य आहे. पण प्रत्येक टप्प्यावर प्रौढ वाचकाची किंमत थोडी अधिक मोजली जाते, हेही खरे.

समारोप

फिल्टर असावा की नसावा, या प्रश्नाला सरसकट उत्तर देण्याचा येथे आग्रह नाही. बालकांच्या शोषणाची चित्रे हा गुन्हा आहे आणि आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ब हे कलम त्यासाठीच आहे. अश्लील मजकूर प्रसारित करणाऱ्यालाही कायदा शिक्षा सांगतो. वाद त्यापलीकडच्या क्षेत्राचा आहे आणि तेथे निर्णय संगणक विभागाचा नसून शैक्षणिक आहे.

म्हणून आपल्या महाविद्यालयांत निदान पुढील गोष्टी व्हाव्यात. कोणती सदरे आणि कोणत्या पातळीवर अडवली आहेत, हे ग्रंथालय समितीच्या ठरावात लिहिलेले असावे. पान अडले, तर पडद्यावर कारण दिसावे. ते उघडण्याची मागणी नाव न लिहिता, चिठ्ठीने किंवा संगणकावरूनच करता यावी. अठरा वर्षांवरील विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला कारण न विचारता मोकळा संगणक मिळावा, पण तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर नसावा. सार्वजनिक दालनातील वर्तनाचे नियम लेखी असावेत आणि ते मोडणाऱ्याशी बोलण्याची जबाबदारी एकट्या सेविकेवर टाकू नये. वर्षअखेरीस किती पाने चुकीने अडली होती, याचा अहवाल समितीपुढे यावा.

ग्रंथालयशास्त्राचे भारतीय प्रणेते डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे त्यांतील एकाचे सार आहे. कोणता ग्रंथ कोणाचा, हे ठरवण्यात ग्रंथपालाची आणि अध्यापकाची चूक होऊ शकते. मात्र ती चूक आपली असते, तिच्याबद्दल आपल्याला विचारता येते आणि ती दुरुस्तही करता येते. आपल्या ग्रंथालयातील फिल्टरची सदरे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहेत? पुढच्या समिती-बैठकीत हा प्रश्न विचारून प्रारंभ करावा.